सोयाबीनला गाठी भरपूर, पण आतून पांढऱ्या. भरडातलं पीक पिवळं का पडतंय?

भरडकार (सत्तरी):

नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या आत आमची दहा गुंठे भरड आहे, म्हणजे वरची, पावसावरची जमीन. वडील होते तोवर तिथे नाचणी आणि कुळीथ व्हायचे. मग मी खाणीवर टिपरांचा हिशेब लिहायला लागलो आणि भरड गुरांना चरायला सुटली. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हापासून शेतीच करतो. खाली वायंगणात (सखल, ओल धरणाऱ्या शेतात) भात, भात निघालं की अळसांदे, म्हणजे आमची चवळी, वर थोडं कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग. यंदा सांगलीचा मेव्हणा म्हणाला, भरड रिकामी कशाला ठेवता, सोयाबीन टाका, दोन गायी आहेत, भाजून भरडून घाला, खुराकाचे पैसे वाचतील. जेएस ३३५ या वाणाचं साडेसात किलो बीही तोच घेऊन आला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं. आज बेचाळिसावा दिवस. फुलं लागलीत, पण पीक पिवळं. आधी खालची पानं गेली, आता मधली जातायत. उंची दीड वीत. मेव्हणा फोटो बघून म्हणाला, हे सोयाबीन आहे की हळद?

काल चार झाडं खोऱ्याने मातीसकट उचलली आणि बादलीत बुडवून मुळं धुतली. (झाड उपटू नका हो, उपटलं की गाठी मातीतच राहतात. पहिलं झाड मी तसंच वाया घालवलं.) गाठी आहेत! एका झाडावर मोजत बसलो आणि साठाच्या पुढे कंटाळलो. मोहरीएवढ्या, मुळांच्या पार टोकापर्यंत विखुरलेल्या. नखाने फोडल्या तर आत पांढऱ्या, काही हिरवट.

आता गंमत बघा. तिथेच वयीच्या (कुंपणाच्या) कडेला बायकोने अळसांद्याचे चार दाणे टोचले होते. त्यांना ना खत ना पुडी. त्यांची एक मुळी उकरली. गाठी कमी, पण तुरीच्या दाण्याएवढ्या, आणि फोडल्या तर नखाला रक्त लागल्यासारखं वाटावं.

माती तीच, पाऊस तोच. सोयाबीनच्या बियाण्याला मी रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र देणाऱ्या जिवाणूंची पुडी लावली होती, सोयाबीनचीच, मुदत न संपलेली. मग हे असं का? आणि दुसरं, अळसांद्याच्या त्या लाल गाठी वाटून पाण्यातून सोयाबीनच्या मुळाशी ओतल्या तर चालेल का?

कुडाळकर_आबा:

युरिया मारा आणि मोकळे व्हा. तीन हजार मिलिमीटर पावसात सोयाबीन कोण करतं? आमच्याकडे एकाने केलं होतं, शेंगा झाडावरच उगवल्या.

माळावरचा (तासगाव):

भरडकार, पाव्हणं, तुमचा मेव्हणा आमच्याच भागातला दिसतोय. आम्ही पंचवीस-तीस वर्षं सोयाबीन करतोय. खरं सांगू का, पुडी लावली काय आणि नाही लावली काय, डोळ्याला फरक दिसत नाही. एका वर्षी अर्ध्या रानाला लावली, अर्ध्याला नाही. मळणीला दोन्हीकडे पोती सारखीच. म्हणून पुडीतच काही नसतं असं माझं मत. तुमचा घोळ पाण्याचा वाटतो. रुंद वरंब्यावर पेरलं होतं की सपाट?

मुळाक्षरे (फोंडा):

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एमएस्सीला असताना वर्षभर अळसांद्याच्या गाठी फोडण्याचंच काम केलं, त्यामुळे हा धागा सोडवत नाहीये.

भरडकार भाऊ, तुम्ही गाठी फोडून बघितल्या हे फार बरं केलं. बहुतेक लोक मोजून थांबतात. लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा तो चुलतभाऊ. हवेतल्या नत्राचा अमोनिया करणारं नायट्रोजिनेज हे एन्झाइम ऑक्सिजन लागला की मोडतं, पण जिवाणूला श्वास घ्यायला तर ऑक्सिजन हवाच. म्हणून लेगहिमोग्लोबिन तो मोजून-मापून आत पोचवतं. गाठ लाल म्हणजे भट्टी चालू. हिरवी म्हणजे चालू होती, विझली. पांढरी म्हणजे पेटलीच नाही. तुमच्या वर्णनात आणखी एक खूण आहे: कामाच्या गाठी थोड्या, मोठ्या आणि सोटमुळाच्या वरच्या भागाला बिलगून असतात. बारीक आणि दूरवर विखुरलेल्या गाठी बहुधा उशिरा शिरलेल्यांच्या असतात, आणि त्या सगळ्याच रिकाम्या निघाल्या की झाड आणखी गाठी काढत राहतं. भुकेला माणूस दहा दारं ठोठावतो तसं.

खालची पानं आधी पिवळी पडली हेही नत्राच्या उपासमारीकडेच बोट दाखवतं. कोवळी पानं पिवळी असती तर मी वेगळा संशय घेतला असता. ब्रॅडीरायझोबियम एल्कानी या जातीतले काही जिवाणू गाठीत बसून रायझोबिटॉक्सिन नावाचं द्रव्य सोडतात, त्याने सोयाबीनची नवी पानं पिवळी होतात. म्हणजे घरजावई येऊन वर घरातलीच भांडी फोडणारा. तुमच्याकडे ते दिसत नाही.

आता मला हे सांगा: बियाण्याला पुडी कशी लावलीत? आधी-नंतर काय काय चोळलंत? माती तपासली होती का?

भरडकार (सत्तरी):

ताई, खुलासा करतो. मृदा कार्डावर सामू (पीएच) ५.२ आहे, म्हणजे माती आंबट. थायरम वगैरे बुरशीनाशक काही लावलं नाही, दुकानदार देत होता पण घेतलं नाही. गूळ पाण्यात उकळून गार केला, त्यात पुडी कालवली, बियाण्याला चोळली. बी चिकट झालं, एकमेकांना लागायला लागलं. कुठेतरी वाचलं होतं की आंबट जमिनीत बियाण्याला चुन्याचा लेप द्यावा, जिवाणू जगतात. म्हणून त्यावर चुना भुरभुरला. छान पांढरंशुभ्र, सुटं बी झालं. सावलीत वाळवून दुपारीच पेरलं.

मुळाक्षरे (फोंडा):

चुना कुठला?

भरडकार (सत्तरी):

शिंपल्यांचा. घरात होता. आई पानाला लावते तो, वाळलेला. कुटून घेतला.

मुळाक्षरे (फोंडा):

सापडलं!

भाऊ, लेपाला जो चुना सांगतात तो न भाजलेल्या चुनखडीची मैद्यासारखी पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो सौम्य असतो. आईचा चुना भट्टीत भाजून, पाणी घालून विरवलेला. त्याचा सामू बाराच्या वर. पानावर बोटाच्या टोकाएवढा जास्त लागला तर जीभ सोलवटते, मग त्या बिचाऱ्या जिवाणूचं काय झालं असेल? पुडीतले सगळे बियाण्यावरच मेले. तुम्ही प्रत्यक्षात पुडी न लावलेलं सोयाबीन पेरलंत. (वर्षानुवर्षं डब्यात वाळलेला चुना हवा खाऊन थोडा निवतो, पण आईचा रोजच्या वापरातला असणार.)

मग साठ गाठी कुणाच्या? इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा आहे, जरा लांबेल.

तुमच्या भरडीत कुळीथ पिढ्यान्‌पिढ्या झाले, खाली अळसांदे होतात. या कडधान्यांचे जिवाणू तुमच्या मातीत घर करून आहेत. सोयाबीनच्या पुडीतल्यांसारखे तेही ब्रॅडीरायझोबियमच, सावकाश वाढणारे. यीस्ट-मॅनिटॉल आगर या जिवाणू वाढवायच्या खाद्यावर बशी घातली की झटपट वाढणारे रायझोबियम दोन-तीन दिवसांत मोठ्या चिकट वसाहती करतात, हे मात्र पाच-सहा दिवस काही दाखवत नाहीत आणि मग खसखशीच्या दाण्याएवढे ठिपके उमटतात. माझ्या सरांनी पहिल्या आठवड्यात विचारलं, आलं का काही? मी म्हटलं, नाही. बशी टाकून देणार होते. शनिवारी ठिपके आले.

आणि ते एकसारखे नसतात. एकाच अळसांद्याच्या मुळावरच्या, बोटभर अंतरावरच्या गाठींमधून मी जिवाणू वेगळे केले. डीएनएच्या तुकड्यांचे ठसे काढले तर पट्ट्यांची मांडणी निरनिराळी. एका मुळावर इतकी बिऱ्हाडं. पुढे जिवाणूची ओळख पटवायला वाचतात ते १६एस जनुक वाचलं तर सगळे जवळजवळ सारखे, कारण ब्रॅडीरायझोबियममध्ये ते जनुक फार थोडं बदलतं. जाती वेगळ्या काढायला आरईसीए, जीएलएन-टू अशी दुसरी जनुकं वाचावी लागतात. आणि तेवढं करूनही काम कोण करतो ते कळत नाही. ब्रॅडीरायझोबियम युआनमिंगेन्स भारतात चवळीच्या गाठीत सापडलाय, मुगाच्याही आणि सोयाबीनच्याही. नाव एक, पण कुठल्या झाडावर कोण किती नत्र देईल ते झाडावर लावल्याशिवाय समजत नाही.

कारण गाठ करणं आणि नत्र देणं ही दोन निरनिराळी कौशल्यं आहेत. सोयाबीनचं मूळ डेड्झीन, जेनिस्टीन अशी द्रव्यं सोडतं, जिवाणू ती ओळखून उलट खुणेचा रेणू पाठवतो, खूण पटली की मूळ दार उघडतं. त्याची जनुकं वेगळी. आत शिरल्यावर नायट्रोजिनेज चालवायचं, त्याची वेगळी. दार उघडण्यापुरती ओळख असलेले, पण आत जाऊन त्या यजमानाशी काम न जमणारे खूप असतात. अळसांदा याबाबतीत मोकळ्या मनाचा, तो पुष्कळांना घेतो आणि त्यांच्याकडून काम करूनही घेतो. सोयाबीन मूळचं पूर्व आशियातलं. आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरात काळा भट हे देशी सोयाबीन पूर्वीपासून होतं, पण शेतात पसरलेलं सोयाबीन साठच्या दशकात अमेरिकन वाणांसोबत आलं. त्याच्या ओळखीचे जिवाणू गोव्याच्या जांभ्यात आपोआप असायचं कारण नाही. आफ्रिकेतही हीच अडचण होती. तिथे पुडी खेडोपाडी पोचेना, तेव्हा नायजेरियात इबादानच्या आयआयटीए संस्थेने उलटा रस्ता धरला: स्थानिक जिवाणूंशी जमवून घेणारी सोयाबीनच तयार केली. टीजीएक्स वाण म्हणतात त्यांना.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न. अळसांद्याच्या लाल गाठी वाटून ओतू नका. ते जिवाणू तुमच्या मातीत आहेतच, आणि तुमच्या सोयाबीनच्या पांढऱ्या गाठींत बहुधा त्यांचेच भाऊबंद बसलेत.

माळावरचा (तासगाव):

ताई, मग आमच्या रानात पुडीचा फरक का नाही? आणि सोपं सांगतो, मी भरडकारांना एक पोतं माती पाठवतो आमच्या रानातली. आमच्याकडं गाठी फोडल्या की लाल असतात.

मुळाक्षरे (फोंडा):

दादा, तुमच्या पहिल्या वाक्यातच उत्तर आहे, पंचवीस-तीस वर्षं सोयाबीन. पहिल्या काही वर्षांत पुडीतून आलेले जिवाणू तुमच्या रानात स्थायिक झाले, त्यांची प्रजा वाढली. आता नवी पुडी लावली तरी मुळाजवळ आधी पोचणारे जुनेच. अमेरिकेत वीव्हर आणि फ्रेडरिक यांनी १९७४ साली दाखवलं होतं की निम्म्या गाठी आपल्या जिवाणूंनी धराव्यात असं वाटत असेल तर मातीत असलेल्यांच्या हजारपट जिवाणू लावावे लागतात. घरच्या दह्याचं विरजण पडलेल्या दुधात वरून चमचाभर दुसरं घातल्यासारखं.

आणि जुने रहिवासी चांगले असतीलच असं नाही. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात १२३ क्रमांकाच्या गटातल्या जिवाणूंनी अशीच जागा धरून ठेवली. त्यांच्याहून जास्त नत्र देणारा यूएसडीए ११० नावाचा जिवाणू लोकांनी वर्षानुवर्षं लावला, पण गाठी १२३ च्याच. शर्यतीत पुढे आणि कामाला मागे. (या ११० चा सगळा जनुकसंच २००२ साली वाचून झाला, एक्क्याण्णव लाख अक्षरांचा. गाठीची आणि नत्राची बहुतेक जनुकं त्यात एका बेटासारखी एकत्र आहेत. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या जिवाणूत असं बेट उचलून मातीतल्या परक्या जिवाणूच्या अंगात गेलेलं १९९५ साली सापडलं. म्हणजे आपण पुडीतून पाहुणा सोडतो आणि काही वर्षांनी गावातलेच त्याचा सदरा घालून फिरतात!) पण पुडीतच काही नसतं हे तुमचं मत मात्र मान्य नाही. ब्राझीलने सोयाबीनचा सगळा डोलारा युरियाऐवजी या जिवाणूंवर उभा केला. तिथे सोयाबीन नवखंच, मातीत त्याचं कुणी नव्हतं. त्या कामातल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पोत्याचं म्हणाल तर शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत असंच करायचे, जुन्या शेताची माती गाड्या भरून नव्या शेतात. गाठी येतील. पण त्यासोबत मूळकूज, तणांचं बी आणि तुमच्याकडचे आळशीही येतील. पुडी स्वस्त आहे.

भरडकार भाऊ, या पिकापुरतं: आता पुडी लावून उपयोग नाही, वेळ गेली. पावसाने उघडीप दिली की दहा गुंठ्याला पाच-सहा किलो युरिया द्या. कुडाळच्या आबांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर. कामाच्या गाठी असत्या तर मी नको म्हटलं असतं, आयतं नत्र मिळालं की झाड गाठींचं रेशन तोडतं. इथे तोडायला काही नाहीच. आणि ओळींमधून चर काढा. गाठीला मोजका का होईना ऑक्सिजन लागतो, पाण्यात बुडालेली गाठ गुदमरते. पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी जमिनीत चुनखडीची किंवा डोलोमाइटची पूड घाला. ५.२ ला मॉलिब्डेनम अडकून बसतं, आणि नायट्रोजिनेजच्या पोटात तोच धातू असतो.

माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर चार डबे घ्या. सांगते कसे भरायचे.

भरडकार (सत्तरी), सप्टेंबरअखेर:

मंडळी, उशीर झाला, चवथीची गडबड होती.

सोयाबीन युरियाने हिरवं झालं. शेंगा आहेत, पण पाऊसही आहे, काढणीचं बघू. आबा, अजून तरी झाडावर उगवलेल्या नाहीत.

डब्यांचं सांगतो. रंगाचे रिकामे डबे, खाली खिळ्याने भोकं, भरडीचीच माती. पहिल्यात बी नुसतं. दुसऱ्यात पुडी आणि गूळ, चुना नाही. तिसऱ्यात पुडी, गूळ आणि आईचा चुना, जूनमध्ये केलं तस्संच. चौथ्यासाठी ताईंनी माती वाफवायला सांगितली होती, दोन दिवस, रोज तासभर. ती मी पेजेच्या टोपात वाफवली. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. त्यातही बी नुसतंच.

अडतिसाव्या दिवशी सगळे उलटे करून धुतले. वाफवलेल्यात एकही गाठ नाही, मुळं एकदम गुळगुळीत. नुसत्या बियाण्याच्या डब्यात तीच मोहरी, पांढरी. चुन्याच्या डब्यातही हुबेहूब तसंच, दोन डबे अदलाबदल झाले तर मला ओळखता येणार नाहीत. आणि पुडी-गुळाच्या डब्यात खोडाच्या लगेच खाली गोल बसलेल्या सात गाठी. सातही फोडल्या. सहा लाल, एक गुलाबी. खाली मुळांच्या टोकांना दोन-चार पांढऱ्या होत्याच, म्हणजे आमचे गाववाले तिथेही घुसले, पण मागच्या दाराने.

आईला दाखवलं. ती म्हणाली, चुना पानाला असतो, बियाण्याला लावायला तुला सांगितलं कोणी?

पुडी घेताना यावेळी एक केलं. दुकानात ती पत्र्याखाली युरियाच्या गोणीशेजारी ठेवलेली होती, जूनमध्येही तिथेच होती. मी आतल्या खोलीतलं, नुकतं आलेलं पाकीट मागून घेतलं. आधीचं पाकीट चुन्याआधीच अर्धमेलं होतं की काय, देव जाणे. दुकानदाराला सांगून बघितलं, तो म्हणाला, खत आहे, त्याला काय होतंय?

आता नोव्हेंबरात वायंगणात अळसांदे टोचायचे. त्यांना पुडी नाही.

मुळाक्षरे (फोंडा):

भाऊ, माझ्या विद्यार्थ्यांना हे वाचून दाखवणार आहे, टोपासकट. एक विनंती. दुसऱ्या डब्यातली माती टाकू नका. झाकून, सावलीत, कोरडी ठेवा आणि जूनमध्ये त्यात सोयाबीनचं नुसतं बी टाका, पुडीशिवाय. लाल गाठी आल्या तर पाहुणे उन्हाळ्यात टिकले म्हणायचे.

भरडकार (सत्तरी):

ठेवलाय, गोठ्याच्या माळ्यावर. डब्यावर खडूने लिहिलंय, 'हात लावू नये'. त्याच्याखाली बायकोने लिहिलंय, 'टोप नवीन आणावे'.